गुरुवारचं विमान

विमान कंपनीचा माणूस विमानातून उतरला, दोन पावलं चालला आणि माझ्या पायांशी ओकला. आमची पहिली भेट झाली ती अशी.

सन अडतीसचा जानेवारी होता. देवळालीपलीकडच्या त्या माळावर थंडी इतकी, की टांग्याच्या घोड्याच्या नाकातून वाफा निघत होत्या. मी क्षयरोग्यांच्या आरोग्यधामात नर्स होते. मुंबईचे मोठे डॉक्टर दर गुरुवारी सकाळच्या विमानाने आमच्याकडे यायचे, दुपारच्या विमानाने परत जायचे. त्यांना माळावरून घेऊन येणं माझ्याकडे होतं. रात्रपाळी संपली की तोंडावर पाणी मारायचं, शाल गुंडाळायची आणि टांग्यात बसायचं… अर्धी झोप डोळ्यांत तशीच असायची.

डॉक्टर नेहमीसारखे झपझप उतरून टांग्याकडे गेले. त्यांच्यामागून हा उतरला. उंच, सावळा, कोटाची सगळी बटणं लावलेली. चेहरा मात्र राखेसारखा.

"बसा," मी म्हटलं. "मातीत बसलात तरी चालेल. मान खाली घाला."

तो निमूटपणे बसला. मी त्याच्या कपाळाला हात लावला — सवयच ती — आणि सुरईतल्या पाण्यात रुमाल भिजवून त्याच्या मानेवर ठेवला.

"पहिल्यांदाच बसलात विमानात?"

"नाही." त्याचे डोळे मिटलेलेच होते. "दर वेळी असंच होतं."

"मग बसता कशाला?"

"या विमानाच्या वेळा आणि भाडी ठरवायचं काम माझं आहे." तो थोडा वेळ श्वास घेत राहिला. "कृपा करून कुणाला सांगू नका."

रात्री दोन रोग्यांना खोकल्यातून रक्त पडलं होतं. पहाटेपासून माझी पाठ भरून आली होती. तरी मला हसू फुटलं. त्याने एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटतं, त्यालाही हसायचं होतं. पण पोटाने परवानगी दिली नाही.

त्याचं नाव गोरक्ष. घर दिंडोरीचं. आधी रेल्वेत गाड्यांच्या वेळा लावायच्या खात्यात होता, तिथून या नव्या विमान कंपनीने त्याला उचललं. कंपनी लहान होती. एकच दोनपंखी विमान, त्यात वैमानिक सोडून चार उतारू. जुहूहून सकाळी निघायचं, गुरुवारी तेवढं नाशिकला टेकायचं, पुढे इंदूर. दुपारी त्याच वाटेने परत. नाशिकला कंपनीचं ऑफिस म्हणजे सलाउद्दीनशेठच्या पेट्रोल पंपावरचं एक टेबल. शेठचा धंदा मोटारींचा. वणीच्या रस्त्यावर त्यांच्या उतारूंच्या दोन सर्व्हिस मोटारी धावायच्या. विमानाची तिकिटं ते हौसेखातर विकायचे.

डॉक्टरांची जागा राखायला मला आठवड्यातून एकदा तिथे जावं लागायचं. पूर्वी मी तिकीट घेऊन लगेच निघायचे. आता तिथे गोरक्ष बसायला लागला, आणि मला निघायला वेळ लागायला लागला.

"भाडं कसं हो ठरवता तुम्ही?" मी एकदा विचारलं. शेठने चहा मागवला होता आणि मला खुर्चीतून उठवत नव्हतं, म्हणून.

"आगगाडीच्या पहिल्या वर्गाकडे बघतो. त्याच्यापेक्षा जास्त… पण इतकं जास्त नाही, की माणूस म्हणेल, जाऊ दे, गाडीत झोपून जातो."

"म्हणजे अंदाजपंचे."

"अंदाजपंचे नाही. विमान भरलेलं असो की रिकामं, पेट्रोल तेवढंच लागतं. सुटायच्या आदल्या संध्याकाळी जागा रिकामी असेल तर ती अर्ध्या भाड्यात द्यावी, असं मी म्हणतो. मुंबईचे साहेब म्हणतात, मग लोक आदल्या संध्याकाळचीच वाट बघत बसतील."

"बरोबर म्हणतात. मीसुद्धा बसेन."

"तुम्ही कुठे निघालात विमानाने?"

"कुठेच नाही. मी झोपायला निघालेय."

तो हसला. हसताना तो खाली बघायचा, जणू टेबलावर काही सांडलंय. "मग थांबवत नाही," तो म्हणाला. पण किटलीत उरलेला चहा त्याने स्वतःच माझ्या कपात ओतला.

त्यालाही झोप नसायची, हे माझ्या लक्षात आलं. डोळ्यांखाली काळं. सगळा दिवस आकड्यांत, आणि मुंबईहून फोन आला की उभं राहून बोलायचा. "जी… हो… बघतो साहेब." फोन ठेवल्यावर काही क्षण तसाच उभा. मला तो आमच्या वॉर्डातल्या माणसांसारखा वाटायचा — आजारी नव्हे, पण विश्रांती लिहून द्यावी असा.

फेब्रुवारी लागता लागता त्याने मला सांगितलं. मी तिकिटाचे पैसे पुढे केले, ते त्याने घेतले नाहीत.

"वत्सलाबाई, पुढच्या महिन्यापासून गुरुवारी विमान नाशिकला उतरणार नाही."

मी पैसे टेबलावर ठेवले.

"तुमचे डॉक्टर इथे उतरतात, आणि पुढे इंदूरपर्यंत त्यांची जागा रिकामी जाते," तो सांगत होता, हळू, एकेक शब्द जपून. "इंदूरचा उतारू पूर्ण भाडं द्यायला तयार असतो, त्याला जागा नाही म्हणून सांगावं लागतं. शिवाय इथे उतरायचं, पुन्हा चढायचं, त्यात पेट्रोल जातं, वेळ जातो. परतताना अंधाराच्या आत जुहू गाठावं लागतं, तिथे रात्रीचे दिवे नाहीत. साहेबांनी मला विचारलं, कुठला थांबा तोट्यात आहे. मी खोटं कसं सांगू?"

"रविवारी उतरवा."

"रविवारी विमान उडत नाही. त्या दिवशी इंजिन तपासतात."

मला राग आला नाही. राग यायलाही अंगात थोडं बळ लागतं. मी एवढंच म्हटलं, "उद्या सकाळी आमच्याकडे या. लांबून बघा, आत यायची गरज नाही."

तो येईल असं वाटलं नव्हतं. क्षयाच्या दवाखान्यावरून जाताना लोक नाकाला पदर लावतात. पण आला. व्हरांड्यात उभा राहिला, हातातली टोपी फिरवत. आतल्या पहिल्या खाटेवर सकीना होती, मालेगावच्या विणकराची मुलगी. सतरा वर्षांची, डोळे केवढे तरी मोठे.

"यही क्या बाई, तुमचे विमानवाले?" तिने उशीवरून विचारलं. "ते उलटीवाले?"

गोरक्षने माझ्याकडे पाहिलं.

"एकाच माणसाला सांगितलं होतं," मी म्हटलं. माझे कान तापले.

मग मी त्याला समजावलं. सकीनाचं एक फुप्फुस आजारी होतं. छातीच्या आत, फुप्फुसाच्या बाहेर, सुईने हवा भरायची; त्या हवेने फुप्फुस दबून राहतं, त्याला विश्रांती मिळते आणि आतली जखम भरत येते. पण भरलेली हवा हळूहळू जिरते. म्हणून पुन्हा भरायची. मध्ये खंड पडला की फुप्फुस पसरतं, चिकटतं, मग पुन्हा हवा जात नाही. अशा उपचाराचे बरेच रोगी होते आमच्याकडे. मोठ्या डॉक्टरांना मुंबईत एरवी रोज इस्पितळ, आणि गुरुवारीही संध्याकाळी दवाखाना. आगगाडीने येऊन जाण्याइतका दिवस त्यांच्याकडे नव्हता.

"तुमचे इथले डॉक्टर?"

"छोटे डॉक्टर शिकतायत. अजून एकट्याने करायची त्यांची तयारी नाही. सुई चुकली तर माणूस तिथल्या तिथे जाऊ शकतो."

"किती दिवस लागतील त्यांना?"

"पावसाळ्याच्या आत शिकतील."

तो सकीनाकडे बघत होता. तिने त्याला हात हलवून दाखवला. त्यानेही हलवला… टोपी धरलेलाच हात.

"तुम्हाला भीती नाही वाटत इथे?" जाताना त्याने मला विचारलं.

"माझा भाऊ याच दुखण्याने गेला. त्याच्याजवळ बसायला कुणी तयार नव्हतं, मीच बसायचे. भीती तेव्हाच संपली. आता फक्त दमायला होतं."

त्यानंतर तो दिसला नाही. मी शेठना विचारलं, तर म्हणाले, "दिंडोरीला गेलाय, घरच्या मळ्यात. सांगून नाही गेला काही."

पुढच्या गुरुवारी मी माळावर पोचले, तर तिथे एक बैलगाडी उभी. गाडीत द्राक्षांच्या करंड्या, वर ओला पाला. गोरक्ष बाह्या वर करून करंड्या तोलत होता, आणि माळाचा राखणदार गेणूबाबा त्याला मदत करत होता.

"हे काय?"

"डॉक्टरांचं वजन," तो म्हणाला. "डॉक्टर उतरले की त्यांच्या वजनाची द्राक्षं चढणार. इंदूरला थेट सरदारांच्या बंगल्यांवर. सकाळी तोडलेली, दुपारी ताटात. आगगाडीने दोन दिवस लागतात, निम्मी नासतात. इंदूरचा व्यापारी जागेचं पूर्ण भाडं द्यायला राजी झाला. मी साहेबांना सांगितलं, गुरुवारचा थांबा आता तोट्यात नाही."

"आणि साहेब?"

"म्हणाले, द्राक्षं संपेपर्यंत." त्याने कपाळ पुसलं. "एप्रिलच्या शेवटापर्यंत जातील. त्याच्या पलीकडे माझ्या हातात काही नाही, वत्सलाबाई."

मला त्याला काहीतरी म्हणायचं होतं. चांगलंसं. पण विमानाचा आवाज आला, गेणूबाबा माळावरच्या गाई हाकलायला धावला, आणि शब्द राहूनच गेले. मी फक्त त्याच्या कोटाला चिकटलेलं द्राक्षाचं पान काढलं. त्याने ते माझ्या हातातून घेतलं आणि खिशात ठेवलं. कचरा करू नये म्हणून… असं म्हणाला.

गाडीशेजारी एक बाई उभी होती, कपाळावर मोठं कुंकू. ती मघापासून मला न्याहाळत होती. गोरक्षची आई, तानुबाई.

"क्षयाच्या दवाखान्यात ऱ्हाती ना तू?"

"हो."

"मंग जरा लांबूनच बोल, बाई. राग नको मानू."

"नाही मानत," मी म्हटलं, आणि लांब झाले. मनाला लागलं नाही असं नाही. पण तिचं चुकलं असंही मला म्हणता येईना.

द्राक्षांचे ते दिवस मला अजून आठवतात. दर गुरुवारी डॉक्टर उतरायचे, करंड्या चढायच्या. गोरक्ष माझ्यासाठी एक घोस बाजूला ठेवायचा. मी टांग्यात बसून खायचे, आणि तो टांग्याच्या पायरीशी उभा राहून काहीबाही विचारायचा.

"काल झोप झाली?"

"थोडी. तुमची?"

"झोपलो होतो. स्वप्नात पण वेळापत्रकच आलं."

"त्यात मी होते का?"

हे मी कसं बोलून गेले, मला कळलं नाही. त्याने टांग्याच्या पायरीवरची धूळ झटकली. मग खाली बघून म्हणाला, "गुरुवारी होतात."

तेवढ्यात डॉक्टर येऊन बसले, आणि टांगा निघाला. मला पूर्ण वाटभर मागे वळून बघवलं नाही.

एप्रिलच्या अखेरच्या गुरुवारी वळिवाचे ढग आले. आम्ही माळावर उभे. विमानाचा आवाज वर ऐकू येत होता, ढगात, कधी जवळ, कधी दूर. दोनदा घिरट्या घातल्या. मग आवाज मुंबईच्या दिशेने बारीक होत गेला. गोरक्ष आभाळाकडे बघतच राहिला. वारा सुटला, धूळ उठली.

"परत गेलं," तो म्हणाला. "बरोबर केलं त्याने. पण…"

"मला जायला हवं," मी म्हटलं.

सकीनाची हवा भरायची पाळी त्याच दिवशी होती. छोट्या डॉक्टरांनी खिडकीतून आभाळ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि हात धुवायला घेतले. मी यंत्राच्या बाटल्या मांडल्या. त्यांची बोटं थरथरत होती. सकीनाने डोळे मिटले आणि ओठ हलवत राहिली, दुवा मागत असेल. मी तिचा हात वर धरला, आणि डॉक्टरांना हळू म्हटलं, "सावकाश, डॉक्टर. आज कुणालाही परतीचं विमान गाठायचं नाहीये." ते किंचित हसले. हात स्थिर झाला. सुई गेली, बाटलीतलं पाणी हलकं हलकं वरखाली होऊ लागलं… आत हवा जात होती. सकीनाने डोळे उघडले.

बाहेर आले तेव्हा पाऊस पडून गेला होता. व्हरांड्यात गोरक्ष उभा. सायकलवरून आला होता, गुडघ्यापर्यंत चिखल. हातात कप.

"तुमच्यासाठी इथल्याच स्वयंपाकघरातून घेतला होता. पार थंड झालाय."

"चालेल."

मी तिथेच पायरीवर बसून तो थंड चहा प्यायले. दोनदा कप कलंडता कलंडता राहिला. त्याने कप धरायला मदत केली, आणि मग हात काढला नाही.

पण त्या दिवसाने एक गोष्ट ठरवून टाकली. मोठ्या डॉक्टरांना कळलं, की छोट्यांना जमतं. ते म्हणाले, आता महिन्यातून एखाद्या रविवारी आगगाडीने येईन. द्राक्षं संपली होती. गुरुवारचा थांबा बंद झाला, आणि तो बंद करायचं नवं वेळापत्रक गोरक्षलाच लिहावं लागलं. नाशिकला त्याचं काम उरलं नाही.

"कंपनी कराचीला ऑफिस उघडतेय," त्याने मला पंपावर सांगितलं. "मला तिथे नेमलंय. बढती आहे."

"छान झालं."

"कराचीलाही इस्पितळं असतील."

मी त्याच्याकडे पाहिलं. "हे मला सांगताय की विचारताय?"

"विचारतोय… बहुतेक."

जिभेवर 'हो' आलं होतं. पण मी खरं तेच बोलले. "आमच्याकडे नियम आहे. नर्सने लग्न केलं की नोकरी सुटते. आणि मी इथून निघाले, तर छोट्या डॉक्टरांजवळ उभं राहायला कोण आहे? दुसरी कुणी इथे यायला तयार होत नाही. मी दमलेय, गोरक्ष. फार दमलेय. पण मला हे सोडायचं नाही."

त्याने मान हलवली. वाद घातला नाही. घालायला हवा होता, असं मला नंतर अनेक दिवस वाटत राहिलं.

त्याला न्यायला विमान एकदा शेवटचं उतरलं, त्या दिवशी मी माळावर गेले. विमानात चढण्याआधीच त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. मी त्याला आल्याची वडी दिली. "जिभेखाली ठेवा. लांब कुठेतरी बघत राहा."

"कुठे बघू?"

"जमिनीकडे."

मी मागे वळेपर्यंत विमान लहान झालं होतं.

मे महिना भाजून काढणारा. वॉर्डात पंखे नव्हते. मी ओल्या चादरी खिडक्यांना बांधायचे, त्या तासाभरात कडक व्हायच्या. सकीना आता अंगणात फिरायला लागली होती. ती मला छेडायची, मग छेडणं थांबवलं. एकदा नुसतीच जवळ येऊन बसली आणि माझ्या केसांना तेल लावलं.

मग एका सकाळी वॉर्डातली मावशी सांगत आली, फाटकाशी कुणी बाई आलीय, आत यायला तयार नाही. मी गेले. फाटकाबाहेर तानुबाई उभी होती, डोक्यावर पदर, हातात पिशवी.

"गोरक्ष आलाय," ती म्हणाली.

मी फाटकाच्या गजाला धरलं. "कराचीहून?"

"कराचीला गेलाच नाय. मुंबईस्नं नोकरी सोडून आला. आला तवाचा झोपतोय. खातो अन् झोपतो. आठ दिस झाले. मला वाटलं, आजारी हाय. वैद्याला दाखवलं, तो म्हने, कायबी नाय, दमलाय पोरगा." तिने पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. "उठला का तुझं नाव घेतो. म्हनून आले."

ऊन चढत होतं.

"एक इचारते. खरं सांग," ती म्हणाली. "तुझ्यापास्नं माझ्या पोराला हे दुखनं लागंल का? पुढं पोरंबाळं झाली, त्यांना?"

"लागू शकतं," मी म्हणाले. "आम्ही काळजी घेतो. हात धुतो, तोंडाला फडकं बांधतो, इथले कपडे इथेच ठेवतो. आजवर मला लागलेलं नाही. बहुतेक लागणार नाही. पण खात्री नाही देता येत मला."

तिने डोक्यावरचा पदर सारखा केला.

"त्यो म्हनला व्हता, ती खोटं नाय बोलायची." मग तिने सुस्कारा टाकला. "घरात शिरायच्या आधी न्हानीघरात जायचं. रोज. माझ्या मनाची शांती म्हनून."

"मी तसंही जातेच."

"मंग झालं." तिने पिशवी फाटकावरून आत दिली. आत कच्च्या कैऱ्या होत्या. तिने माझ्या हाताला हात लागू दिला नाही, पण पिशवीचा बंद मी नीट धरला आहे की नाही ते पाहूनच सोडला.

आमच्या मेट्रन लंकाबाई मागे येऊन उभ्या होत्या, मला कळलंच नव्हतं. मी वळले. त्या नेहमीच्या कोरड्या आवाजात म्हणाल्या, "लग्नाच्या नियमाचं कमिटीशी मी बोलेन. इथे नर्स मिळत नाही, आणि असलेली घालवायला मी वेडी नाही. क्वार्टर सोडावं लागेल. दिवसपाळी देईन. आता जा, तोंड धू, रडल्यासारखं दिसतंय."

"मी रडत नाहीये, बाई."

"मग घाम असेल," त्या म्हणाल्या आणि निघून गेल्या.

शेवटची रात्रपाळी संपवून मी सलाउद्दीनशेठच्या पंपावर गेले. शेठनी वणीच्या रस्त्यावर मोटारी वाढवल्या होत्या आणि वेळा, भाडी बघायला गोरक्षला ठेवलं होतं. पगार निम्म्याहून कमी. तो बाकावर बसला होता, कोट नाही, बाह्या दुमडलेल्या. डोळ्यांखालचं काळं गेलं होतं. मला बघून उठला, मग काय करावं न सुचून पुन्हा बसला. मी शेजारी बसले.

"माझ्यासाठी सोडली नोकरी?"

"थोडी तुमच्यासाठी," तो म्हणाला. "थोडी… ज्या गावात मी कुणाला ओळखत नाही, तिथल्या वेळा लावून लावून कंटाळलो म्हणून. इथे गाडी कुणासाठी थांबवायची, ते मला दिसतं."

समोर वणीची मोटार उभी होती. माणसं चढत होती, टपावर गाठोडी जात होती. सकाळचं ऊन अजून कोवळं होतं आणि बाकाच्या पाठीला कडुनिंबाची सावली.

"वत्सला," तो म्हणाला. 'बाई' गळलं होतं, ते मी ऐकलं. "मी सरळच विचारतो. मला फार गोड बोलता येत नाही. पण मी…"

पुढचं मला आठवत नाही.

जाग आली तेव्हा माझं डोकं त्याच्या खांद्यावर होतं आणि ऊन पायांवर आलं होतं. मोटारीचा ड्रायव्हर भोंग्यावर हात ठेवून आमच्याकडे बघत होता, वाजवायची हिंमत होत नसल्यासारखा. खिडक्यांतून डोकी बाहेर आली होती. सलाउद्दीनशेठ पंपाशी हाताची घडी घालून उभे.

"गाडी सुटली नाही?" मी दचकून विचारलं.

"मी उठलो असतो तर तू जागी झाली असतीस," गोरक्ष म्हणाला. त्याचा हात बधिर झाला असावा, बोटं उघडमीट करत होता. "ड्रायव्हर माझ्या इशाऱ्याशिवाय सोडत नाही."

"तुम्ही काहीतरी विचारत होतात."

"हो. अर्ध्यावरच झोपलीस."

"पुन्हा विचारा."

त्याने मोटारीकडे पाहिलं, भरलेल्या खिडक्यांकडे, शेठकडे. मग माझ्याकडे. आणि सगळ्यांदेखत, न अडखळता, पूर्ण विचारलं.

मी हो म्हणाले.

खिडकीतली एक म्हातारी म्हणाली, "झालं ना बाबा? आता सोड गाडी, माझी लेक वाट बघत असंल." गोरक्षने हात वर केला, मोटार धूर सोडत हलली, आणि तो परत येऊन माझ्याशेजारी बसला.

"अजून झोप येतेय?" त्याने विचारलं.

"येतेय."

"मग झोप," तो म्हणाला, आणि दुसरा खांदा पुढे केला.